सोवळ्यातली पाठ

"हलू नका बाबा, शेवटचा कप!" म्हणत कपिंग शिकलेल्या ऋजुतानं हातपंपानं कपातली हवा ओढली आणि बाबांची पाठ त्या प्लॅस्टिकच्या कपात पुरीसारखी टम्म फुगली. उद्या सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांना यजमान म्हणून दोन तास मांडी घालून बसायचं होतं आणि आखडलेल्या पाठीनं दोन मिनिटंही बसवत नव्हतं. हा मान समोरच्या करंदीकरांकडे गेला असता, तर आईनं वर्षभर घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा मांडवात खांबासारखे ताठ बसले. ऋजुता जाम खूश! तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "यजमान, सदरा काढा, उपरणं घ्या." पूजेला पाठ उघडी असते, हे बाप-लेकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. उपरणं घसरलं आणि अख्ख्या सोसायटीला वाटीएवढे सात जांभळे गोल दिसले.

"वहिनींनी लाटणं चालवलं वाटतं!" करंदीकर काकू माइकलाही ऐकू जाईल इतक्या हळू कुजबुजल्या.

"लाटण्याचे वळ गोल नसतात, काकू, हे पाठदुखीवरच्या कपांचे आहेत," ऋजुता म्हणाली. आई मात्र लालबुंद झाली.

चौथा अध्याय संपताच गुरुजी पाठीकडे टक लावून बघत राहिले. आईनं डोळेच मिटले.

"यानं पाठ मोकळी होते?" त्यांनी हळूच विचारलं.

"दीड तासात बाबांनी मांडी मोडली का, सांगा!" ऋजुता म्हणाली.

प्रसाद वाटून होईतो ऋजुताच्या घरी सतरंजीवर गुरुजी पालथे पडले होते आणि पुढचा नंबर लावून करंदीकर काकू मान चोळत उभ्या होत्या.

"काकूंना पंप जरा जोरात ओढ हं," आई गोड आवाजात म्हणाली.