चार बोटांचा हिरो

येळ्ळूरच्या समाजमंदिरात सौरवनं आपला सुपरहिरोचा सिनेमा गावाला दाखवला. क्रेनला लोंबकळणाऱ्या हिरोच्या हाताला चारच बोटं दिसली, खाली उतरल्यावर पाच. "करंगळी उगवली रं!" म्हणत लोक खिदळले. उपासनाच्या मांडीवरची लेक ओरडली, "माझं आप्पा!" रोज तोच हात धरून अंगणवाडीला जायची ती. फाउंड्रीत करंगळी गमावलेला तिचा बाप, प्रेमानंद, मुखवटा चढवून हिरोऐवजी लोंबकळला होता. शेवटी पडद्यावर चहावाल्याचंसुद्धा नाव आलं, त्याचं नव्हतं. उपासना सौरवपुढं उभी राहिली. "नाव घालतो म्हणालतास न्हवं?" "वहिनी, चेहरा कुठं दिसतोय त्याचा? ती चूक कम्प्युटरवर बोट जोडून झाकतो." प्रेमानंदनं हात खिशात लपवला. उपासनानं तो ओढून सौरवच्या तोंडासमोर धरला. "आधी हितं बोट जोड. जमत नसंल, तर सिनेमातला हात तसाच राहू दे, आन खाली नाव घाल."