लोणच्याची फोड

पौर्णिमाने सासऱ्यांच्या ताटातली लोणच्याची फोड उचलली आणि बाजूच्या वाटीत टाकली.

"तोंडातला घास काढून राहिली तू तर, सूनबाई," देवीदास म्हणाले.

"डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं ना, मामाजी."

"अवं, रक्तातच हाये ते. बाप लकव्यानं गेला, किसनदादा लकव्यानं गेला. मले एका फोडीनं काय होते?"

'रक्तातच' हा शब्द तिला झोंबला. तेच रक्त पाळण्यातल्या तिच्या लेकीत, आचलमध्येही होतं.

ठेचा, पापड, खारातल्या मिरच्या, सासऱ्यांच्या ताटातून जे जे निघे ते मागून जेवणाऱ्या पौर्णिमाच्या ताटात येई. अन्न टाकलेलं सासूला, मनकर्णाबाईंना, खपत नसे, आणि सुनेलाही खारट आवडायचं.

बीपीचं मशीन तिनेच हट्टाने आणवलं होतं. रोज सकाळी ती सासऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधी, मग सासूच्या, मग नवऱ्याच्या, मनोजच्या. शेजारच्या आशाबाईही हात पुढे करून बसत. मनकर्णाबाई तिला 'आमची डाक्टरीन' म्हणत. सगळ्यांचं उरकेपर्यंत आचल रडायला लागे आणि मशीन फळीवर जाई.

दुपारी पौर्णिमाचं डोकं ठणकायचं. कपाळाला फडकं आवळून ती कामाला लागे. पोरगी झोपू देत नाही, दुसरं काय, असं सासू म्हणे. पौर्णिमाची आईही माहेरी वलगावला असंच फडकं बांधून वावरायची. ती तरुणपणीच गेली. तिची लेकीला तेवढीच आठवण होती.

अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाई घराण्यात चालत येणाऱ्या बीपीचा अभ्यास करत होत्या. काहींच्या जनुकात जन्मतःच बारीकसा फरक असतो, त्यांचं शरीर मीठ धरून ठेवतं, असं त्यांनी समजावलं. पौर्णिमा सगळ्यांना घेऊन गेली. थुंकायलाही कोणी बार्शीटाकळीहून अकोल्याला जाते का, म्हणून देवीदास वाटभर हसत होते. मोठ्या माणसांची लाळ घेतली. घरातलीच म्हणून पौर्णिमाचीही घेतली.

मग फोन आला. घरात एकाच माणसात तो फरक सापडलाय, बाकी कोणात नाही. नाव फोनवर सांगायचं नसतं, दवाखान्यात या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घर देवीदासांकडे बघत राहिलं. ते मात्र हिशेब लावत होते.

एसटीत त्यांनी आचलला मांडीवर घेतलं. "एकातच सापडलं म्हंते ना ते? म्हंजे मनोजमंदी नाही उतरलं. माही नात सुटली, सूनबाई. आता मी कवाही गेलो तरी चालते."

"असं काहून बोलता, मामाजी," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळून डोळे पुसले. सासऱ्यांसाठी जीव तुटत होता, पण कितीतरी दिवसांनी छातीवरचा दगडही उतरला होता. त्या सुटकेची तिला लाज वाटली.

दवाखान्यात आचलला खांद्यावर घेऊन तिने सासऱ्यांना खुर्चीत बसवलं. एका हाताने त्यांची बाही वर सारली.

डॉक्टरीणबाईंनी ती हळूच खाली केली. "काकांचं बीपी वयाचं आणि तंबाखूचं आहे. काका, तुम्ही उठा, नातीला घ्या. ताई, खुर्चीत तुम्ही बसा."