सहा पट्ट्यांची सीट

"जमिनीला नाही, मामा. काढा तो बोल्ट."

सेलोमामाने पाना खाली ठेवला. तो मा-थातोच्या नवऱ्याचा सख्खा मामा. "मा-थातो, तीस वर्षं गाड्या उघडतोय मी. खांद्याचे पट्टे सीटमागे जमिनीत आवळले की झालं."

"गाडी आपटली की तेच पट्टे खांदे खाली दाबतात. कणा मोडतो. मागच्या आडव्या नळीला बांधा. खांद्याच्या रेषेत, फार तर जरासं खाली."

"हे कुठं शिकलीस?"

"पट्ट्यांबरोबर कागद आला होता. तुम्ही त्यावर मागविन्या ठेवल्यात."

मामाने ते तळलेले पिठाचे गोळे उचलले, तेलकट कागद झटकून वाचला आणि बोल्ट उपसला.

लाल गुशेशे, ती जुनी चौकोनी गाडी, कायम मामाच्याच पत्र्याखाली असायची. शनिवारी कातलेहाँगच्या मैदानात ती धूर काढत गोल गोल फिरणार होती, आणि फिरत्या गाडीतून तिचा मालक, मा-थातोचा नवरा मोलेफी, बाहेर पडून गाडीच्या बाजूने नाचणार होता. आत कुणी नसताना गाडी आपली फिरत राहायची. लोक त्यासाठीच यायचे.

गेल्या महिन्यात त्याचा पाय घसरला आणि मागचं चाक बुटाच्या टोकावरून गेलं. लोकांना वाटलं, हाही खेळच. टाळ्या पडल्या. मा-थातोच्या कडेवर तेव्हा आठ महिन्यांची थातो होती. पोरीनेही टाळ्या वाजवल्या.

"चालत्या गाडीतून उतरू नकोस," घरी मा-थातो एवढंच म्हणाली होती.

"बायकोला विचारून फिरवणाऱ्याची गाडी कोण बघतं?" मोलेफी म्हणाला होता.

आता तो ट्रक घेऊन डर्बनला गेला होता. शनिवारी थेट मैदानावरच येणार होता.

"त्याला विचारलंस?" मामाने विचारलं.

"त्याने मला कधी विचारलं?"

"चिडेल तो."

"चिडू दे. चिडायला पाय शाबूत लागतात."

"लेकरू लहान आहे तुझं, मा-थातो."

"म्हणून तर."

मामाने मान हलवली आणि कमरेच्या पट्ट्यांसाठी भोकं पाडायला घेतली.

"खालून तळहाताएवढी पोलादी पट्टी लावा. नुसत्या वॉशरवर पत्रा फाटेल."

"पत्रा फाटतो हे मला ठाऊक आहे, बाई. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे." मग तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. "बस आत. माप घेऊ."

उंचीला ती आणि मोलेफी सारखीच. लग्नात आत्यांनी त्यावरून त्याची बरीच टर उडवली होती. ती सीटवर बसली. मामाने कमरेचे दोन पट्टे पोटावर आणले, तिने ते खाली, खुब्याच्या हाडांवर ओढले. सिझेरियनच्या व्रणात कळ आली. मांड्यांमधले दोन आले, मग खांद्यांवरचे दोन.

"श्वास घे."

"घेतला."

"हल."

तिला हलता आलं नाही. मामाने पोटाजवळची गोल चकती एकदा पिळली. सहाही पट्टे सुटून पडले.

"बघ. एका पिळात सुटतं. सुटायलाच हवं, आग लागली तर. पण मग ज्याला उतरायचंय तो उतरणारच की. त्याचा जुना पट्टा दोन वर्षं नुसता लोळतोय. पट्ट्यांनी माणूस आत राहत नाही, पोरी."

"राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"परत एकदा आवळा, मामा. डावा खांदा ढिला वाटला."

मामाने पट्टे पुन्हा चकतीत अडकवले. "माझ्या बहिणीला काय सांगू मी?"

"सांगा, सून ऐकत नाही."

त्याने डावा खांदा आवळला. मग उजवाही, न सांगता.

शनिवारी दुपारी मामाच गाडी मैदानाच्या कडेला घेऊन आला आणि एकटाच उतरून पत्र्याच्या सावलीत जाऊन उभा राहिला. मोलेफी ट्रकवरून उडी मारून आला, पांढऱ्या बुटांत. भोंग्यावरचा माणूस ओरडत होता की आज मोलेफी दोनदा उतरणार आहे. लोक त्याच्या नावाने पाय आपटत होते. बाकांवर त्याला आई दिसली, तिच्या मांडीवर थातो दिसली. बायको दिसली नाही. रुसली असेल, असं वाटून तो हसला, लोकांना हात केला आणि गाडीचं उजवं दार उघडलं.

त्याच्या सीटवर त्याचा जुना पट्टा होता तसाच लोळत होता. डाव्या सीटवर, सहाही पट्टे आवळून, हेल्मेट घालून मा-थातो बसली होती.

"बस," ती म्हणाली. "आणि तुला जिथं उतरायचंय तिथं खुशाल उतर."