फिर्यादीच्या वाट्याचं पाणी

आमच्या अथेन्सच्या न्यायालयात मडक्यातलं पाणी गळून संपलं की भाषण संपलं. आज ते मडकं भरायचं काम माझ्याकडे होतं. तोतऱ्या कुंभारावर आरोप होता: तो इथला नागरिकच नाही. नागरिक ठरायला आई-बाप दोघंही अथेन्सचेच हवेत. हरला तर गुलाम म्हणून विकला जाणार. बापाचं नाव त्यानं सांगितलं. आईच्या नावाशी जीभ अडकली. "मे... मे..." "अरे, मडकंसुद्धा तुझ्यापेक्षा भरभर बोलतंय!" पाचशे पंचांतला एक म्हातारा ओरडला. हशा पिकला, पाणी संपलं. फिर्यादी उठला. "माझ्या दुसऱ्या भाषणाचं पाणी त्याला दे." "वेड लागलंय? जिंकलायस की!" मी कुजबुजलो. "जिंकेन तर मी जिंकेन, मडकं नाही. ओत!" मी ओतलं. कुंभारानं डोळे मिटले. "मेलित्ता... सुईण होती." तोच म्हातारा उठला. "मेलित्ता? आमच्या आळीतली? माझी तिन्ही पोरं तिच्याच हातावर झाली!" मडक्यात अजून अर्धं पाणी होतं.