त्रेचाळीसातला एक

जागेश्वरच्या वकिलांनी कोर्टापुढे प्रश्नांची यादी ठेवली. प्रश्न त्रेचाळीस. आपल्या शेतातून जाणारा पाट जागेश्वरनं धानाच्या गेल्या रोवणीत बुजवला, म्हणून शेजारच्या यशोदाबाईंनी दावा लावलेला. बोडीचं, म्हणजे वरच्या लहान तळ्याचं, पाणी तीस वर्षं याच पाटानं येतं, असं त्या म्हणतात ना? मग सांगावं त्यांनी, कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला, किती वाजता पाणी सोडलं आणि तेव्हा शेताच्या धुऱ्यावर कोण कोण उभं होतं. सांगता येत नसेल तर दावा काढून टाका.

यशोदाबाईंना रोवणी कळते, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा कळते. तारीख काय ती कोर्टात आल्यापासून कळली! यंदा पावसानं तारलं, पण पुढं पाणी आलं नाही तर धानाच्या तिन्ही बांध्या पडीत, एवढंच त्यांच्या डोक्यात. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून त्या उभ्या होत्या.

न्यायाधीशबाईंनी यादी सावकाश वाचली आणि पेन्सिल उचलली. समोरच्याचं म्हणणं काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, त्या वकिलांना म्हणाल्या. ते कशानं सिद्ध करणार, साक्षीला कोण येणार, हे आत्ताच काढून घ्यायचा नाही. ते उलटतपासणीत बघा. आणि तीस वर्षांची घटका-मिनिटं तुमच्या पक्षकाराला तरी सांगता येतील का? मग त्या एकेक प्रश्न खोडत गेल्या. बेचाळीस गेले. यशोदाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या पेन्सिलीलाच हात जोडले.

एक प्रश्न राहिला. पाट पहिल्यांदा कोणी खोदला? तो न्यायाधीशबाईंनी तिथंच विचारला.

"याच्या बाबानं." यशोदाबाईंनी जागेश्वरकडे बोट केलं. "परसराम मामाजीनं. फावडं त्याईचं, घाम त्याईचा. मी नुसता चहा नेला होता. उपकार कसे विसरू? तेव्हापासून नव्या धानाचे पायलीभर तांदूळ पहिले त्याईच्या घरी देऊन राहिली."

वकील लगबगीनं उठले. याला पुरावा काय, म्हणाले. आणि यंदा तर दावा चालू आहे, यंदाही दिले की काय?

जागेश्वरनं त्यांच्या कोटाची बाही ओढली.

"बसा साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "आज सकाळी त्याच तांदळाचा भात खाऊन आलो मी."