सोडायला आलेली गाडी

"मी गाडीतून उतरलो होतो का, तेवढंच बघायचंय," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा निनाद परदेशी शिकायला गेला आणि अठराव्या दिवशी तिकडेच अपघातात वारला. विमानतळावर त्याला सोडायला हे एकटेच आले होते. निरोपाची ती वेळ आता काही केल्या त्यांना आठवत नव्हती, आणि घरी बायको रोज विचारायची, "जवळ घेतलंत ना त्याला?"

आमच्या साहेबांनी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग बघायची परवानगी दिली. टर्मिनलसमोर थांबलेल्या गाड्या पुढे काढायची ड्युटी माझी, म्हणून कॅमेऱ्यांच्या खोलीत त्यांना मीच नेलं.

पडद्यावर त्यांची गाडी थांबली. मुलाने डिकीतून बॅगा काढल्या आणि तो ड्रायव्हरच्या बाजूला येऊन उभा राहिला. दार उघडलं, त्यांचा एक पाय खाली आला. तेवढ्यात एक हवालदार शिट्टी वाजवत, बॉनेटवर थाप मारत मध्ये आला. पाय आत गेला. दार लागलं. गाडी निघून गेल्यावरही मुलगा हात हलवत होता.

हवालदार पाठमोरा होता. तरी मी स्वतःला ओळखलं.

त्यांनी ते दोनदा पाहिलं, मग बायकोला फोन लावला. "घेतलं होतं गं जवळ. इथे पोलीस आहेत, त्यांनाच विचार." फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी तिथेच होतो, ताई," मी म्हणालो. "बराच वेळ घेतलं होतं जवळ. मी शिट्टीसुद्धा वाजवली नाही."