मिरवणुकीतला पिवळा दूत

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला घडलेली ही गोष्ट. विश्वास ठेवायची सक्ती नाही.

तिथल्या एका संग्रहालयात नीलांबरी ताओ पंथाच्या जुन्या चिनी देवचित्रांचे फोटो काढून अभ्यासकांसाठी डिजिटल संग्रह तयार करत होती. शेवटचं चित्र उरलं होतं, देवांच्या मिरवणुकीचं. ते आज अपलोड झालं नाही तर तिचा करार वाढणार नव्हता, आणि करार नाही तर तिथे राहायचं परमिट नाही.

आणि मिरवणुकीतला पिवळ्या झग्याचा एक दूत नेमका प्रत्येक फोटोत डोळे मिटत होता. चित्रात टक्क उघडे, स्क्रीनवर गच्च मिटलेले! तिनं लेन्स पुसली, कॅमेरा बदलला, दिवे सरकवून पाहिले. दूत आपला ढिम्म.

"आमचे काका प्रत्येक ग्रुप फोटोत असेच डोळे मिटतात," दिवा धरून उभा असलेला तिचा सहकारी रुचिर हसला. "स्माइल प्लीज म्हण त्याला."

"तू गप रे! सकाळपासून जीव नकोसा केलाय यानं." तिनं चित्रासमोर कोपरापासून हात जोडले. "अहो महाराज, तुमचे उघडत नसतील तर या रुचिरचे घ्या, पण एकदाचे डोळे उघडा!"

तिनं बटण दाबलं.

स्क्रीनवरून दूत टक्क बघत होता. नीलांबरीनं हुश्श केलं आणि फोटो लगेच अपलोड करून टाकला.

"झालं का?" मागून रुचिरनं विचारलं. "मग लाइट कशाला घालवलास?"

ती वळली. त्याच्या हातातला दिवा त्याच्याच तोंडावर भगभगत होता, आणि त्याची पापणीसुद्धा लवत नव्हती.